सोडियम परबोरेटचं वॉकिंग ब्लीच: काही महिन्यांच्या वापरानंतर

रूट कॅनाल झालेला, काळवंडलेला पुढचा दात आतून उजळायला सोडियम परबोरेट आणि साधं पाणी पुरतं. मिश्रण दातात बंद करून रुग्ण घरी जातो आणि पुढच्या भेटीत ते बदलतात, म्हणून वॉकिंग ब्लीच. सुरुवातीला ही भुकटी फारच मंद वाटली. पहिल्या भेटीनंतर फरक जेमतेम दिसतो आणि ३५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा मोह होतो. आता मत पार बदललंय. दोन ते चार भेटींत रंग बहुतेकदा तितकाच येतो, आणि तीव्र पेरॉक्साइड व उष्णता या जोडीने मानेशी मूळ बाहेरून झिजण्याचा धोका टळतो.

खरी मेख बॅरिअरमध्ये, म्हणजे औषध मुळाकडे जाऊ न देणाऱ्या थरात, आहे. इनॅमल-सिमेंटम जोडाखाली (दाताचा वरचा भाग आणि मूळ जिथे मिळतात तिथून खाली) २ मिमीपर्यंत गटापर्चा (रूट कॅनालमधलं भरण) काढून त्यावर २ मिमी ग्लास आयोनोमर (दाताला चिकटणारं सिमेंट), इथवर सगळे करतात. मग वरचा थर सपाट ठेवतात आणि तिथेच घात होतो. जोडाची रेषा ओठाकडून हिरडीच्या दिशेने उतरते, पण शेजारच्या दातांच्या बाजूंना चावण्याच्या कडेकडे वळते. ओठाकडच्या पातळीला सपाट थर दिला, तर बाजूंच्या डेंटिनच्या (इनॅमलखालच्या थराच्या) नलिका उघड्या राहतात आणि औषध मुळाबाहेर झिरपतं. सगळा थर कडेकडे आणला, तर मानेशी काळी पट्टी तशीच उरते. म्हणून चावण्याच्या कडेपासून हिरडीच्या चिकटणीपर्यंतचं अंतर प्रोबने (खुणा असलेल्या बारीक सळीने) ओठाकडून आणि दोन्ही बाजूंनी मोजावं, आणि आत बॅरिअर त्याच वळणाने, मापापेक्षा १ मिमी कडेकडे ठेवावा. पाचेक मिनिटं जातात, पण त्यांवर बचत करू नये.

पल्प हॉर्नमधले (दाताच्या आतल्या पोकळीच्या वरच्या कोपऱ्यांतले) अवशेष आधी साफ हवेत, नाहीतर भुकटी कितीही बदला. मिश्रण ओल्या वाळूइतकं घट्ट ठेवावं आणि जादा पाणी कापसाने टिपावं. वरचं टेम्पररी फिलिंग किमान ३ मिमी जाड हवं. औषध जास्त कोंबून या फिलिंगला जागा ठेवली नाही, तर औषधातून सुटणारा ऑक्सिजन फिलिंग उचलतो, लाळ आत शिरते आणि तेवढा आठवडा फुकट जातो! भुकटी स्वस्त, भेट महाग.

शेजारच्या दातापेक्षा रंग किंचित उजळ झाला की थांबावं, पुढे तो थोडा उतरतोच. लगेच कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं कायमचं फिलिंग) भरू नये. उरलेला ऑक्सिजन त्याची पकड कमजोर करतो, फट गळते आणि काळेपणा परततो. आठ-पंधरा दिवस कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवून मग भरावं आणि वर्षाकाठी एक्स-रे काढत राहावा.

अमाल्गम (धातूचं फिलिंग) किंवा चांदीयुक्त सीलरचा (रूट कॅनाल बंद करायच्या सिमेंटचा) डाग असेल, तर मात्र परबोरेटकडून फारशी आशा धरू नये. तिथे व्हिनियरचा (दातावर पुढून चिकटवायच्या पातळ आवरणाचा) विचार आधीच करावा.