जुन्या गाडीतला आवाज: डांबरी शीट, ब्यूटिल, फोम की आधी टायर?

एक्स्प्रेस वेवर टोलनाका ओलांडून काटा 80 च्या पुढे गेला की आमच्या गाडीत मागच्या सीटवरून "काय म्हणालास?" सुरू व्हायचं. रस्ता काँक्रीटचा, गाडी बारा वर्षांची हॅचबॅक. अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात विचारलं तर उत्तर तयार होतं, "पूर्ण गाडी साउंडप्रूफ करून देतो." पूर्ण साउंडप्रूफ असं काही होत नसतं. साधारण 3 डेसिबलचा फरक कानाला जेमतेम कळतो आणि 10 डेसिबल कमी झाले तर आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. घरच्या गाडीत आपली धडपड या दोन आकड्यांच्या मधली असते.

खर्चाआधी आवाज कुठून येतो ते बघा. काँक्रीटवरून डांबरी रस्त्यावर आल्यावर आवाज एकदम बदलला तर तो टायरचा. सावकाश वळणावर घुमणारा आवाज कमी-जास्त झाला तर व्हील बेअरिंगवर, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या भागावर, संशय घ्या. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये रेस दिल्यावर स्टिअरिंग आणि सीट थरथरत असेल तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिनाखालचे रबरी आधार, तपासा. बेअरिंग किंवा माउंटिंग गेलेलं असताना दारात पत्र्याची थरथर मारणारी शीट चिकटवणं म्हणजे गळक्या नळाखाली बादली ठेवणं.

टायर की शीट, एवढाच प्रश्न असेल तर माझं मत टायरला. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते: 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. जुनं रबर कडक होतं, नक्षी शिल्लक असली तरी. तसे टायर बदलले तर आवाज जिथे जन्मतो तिथेच कमी होतो, शिवाय ब्रेकही नीट लागतात. वाऱ्याची शिट्टी असेल तर दाराची बीडिंग, म्हणजे कडेची रबरी पट्टी, बघा. दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. अलगद निघाली तर तिथलं रबर दबून गेलंय. बीडिंग बदलायला शीट लावण्यापेक्षा खूपच कमी खर्च येतो.

हे झाल्यावरही आवाज उरला, तर मग शीट. डांबरी शीट सगळ्यांत स्वस्त. कंपनीतूनही अनेक गाड्यांच्या तळाला तशीच शीट असते, त्यामुळे ती अगदीच टाकाऊ म्हणता येणार नाही. पण दारात आणि टपाला ती नको. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला पारा 45 च्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. डांबर मऊ पडतं, वास सुटतो, उभ्या पत्र्यावरून शीट घसरते. ब्यूटिल म्हणजे चिकट रबर आणि वर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा. महाग, पण उन्हात टिकतं आणि पत्र्याची थरथर जास्त चांगली मारतं. ब्यूटिल म्हणून डांबरी शीट विकली जाते, म्हणून तुकडा हातात घेऊन वास घ्या. डांबराचा वास लपत नाही.

शीट पत्राभर लावायची गरज नसते, हे दुकानदार सहसा सांगत नाही. पत्र्याच्या मोकळ्या, मोठ्या भागाचा निम्मा किंवा त्याहून कमी भाग झाकला तरी बराचसा फायदा मिळतो. टिचकी मारून बघा: "टण्ण"चं "ठप्प" झालं की पुरे. जागा स्पिरिटने पुसलेली हवी आणि शीट रोलरने दाबून बसवलेली हवी, नाहीतर खाली हवा राहते आणि काम वाया जातं.

पैसा सर्वांत नीट वसूल होतो तो दारांत. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटिल लावलं की दार लावतानाचा आवाजच बदलतो आणि स्पीकरही सुधारतात. पण काचेवरून उतरणारं पावसाचं पाणी दारात जातं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. ती भोकं बुजली तर दार आतून सडतं. डोअर पॅडमागचा (दाराच्या आतल्या आवरणामागचा) प्लॅस्टिकचा कागद काढला तर तोही परत नीट चिकटवून घ्या. बाजूच्या एअरबॅग असतील तर पिवळ्या कनेक्टरना हौशी हात लावू नये.

फोमबद्दल गैरसमज फार. नुसत्या फोमने रस्त्याची घरघर अडत नाही. बंद पेशींचा फोम, एसीच्या पाइपवर असतो तसला, उष्णता अडवतो आणि प्लॅस्टिकची कुरकुर थांबवतो, एवढंच त्याचं काम. उघड्या पेशींचा स्पंज पाणी पितो. नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीसारखं जाड कापड, आवाज शोषतो, पण कोकणातल्या पावसाळ्यात एकदा ओला झाला की महिनाभर कुबट वास.

घरघर खरी अडवायची तर वजन लागतं, आणि ते जड व्हिनाइलच्या चादरीत असतं: चौरस मीटरला सुमारे 5 किलो. खाली फोम, वर सलग चादर, कुठेही फट नको. छोट्या गाडीच्या तळालाच 15 किलोच्या आसपास वजन वाढतं आणि त्यासाठी सीट, कार्पेट सगळं उचकटावं लागतं. दर आठवड्याला हायवेवर जाणाऱ्याने आणि गाडी अजून पाच वर्षं ठेवणाऱ्यानेच त्या वाटेला जावं. दोन वर्षांत विकणार असाल तर अजिबात नाही. कार्पेट उचललंच तर गंज बघून घ्या. गंजावर शीट लावली की तो झाकला जातो, थांबत नाही.

टपाला ब्यूटिलचे मोजके तुकडे पुरतात, पावसाचा ताशा कमी होतो. गाडीच्या बुडाला खालून मारतात ते काळं कोटिंग गंजासाठी आहे. आवाजासाठी म्हणून पैसे देऊ नका.

मी टायर बदलले, चार दारं आणि डिकीतल्या मागच्या चाकांवरच्या कमानी ब्यूटिलने केल्या, तळ सोडून दिला. एक्स्प्रेस वेवर घरघर आहेच, पण मागचा माणूस आता एकदाच "काय?" म्हणतो. उरलेला वीतभर तुकडा मागच्या नंबर प्लेटच्या आत चिकटवला. डिकी आपटल्यावरचा खडखडाट त्यानेच बंद झाला.