सोलापूर अग्निशमन दल: जवानांना ५ पैकी ५, पण माणसं वाढवा

आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे पूर्व भागात, गल्ली एवढी अरुंद की रिक्षा वळवायची तरी मागंपुढं करावं लागतंय. मे महिन्याच्या दुपारी शिलाईच्या खोलीतला बोर्ड शॉर्ट झाला. ज्यांचा हा धंदा आहे त्यांना माहितीय, टेरी टॉवेलचं तूस भिंतीवर, पंख्यावर, पत्र्यावर सगळीकडं बसलेलं असतं, ते पेटलं की आग पळत सुटते बगा. भिंतीवरचा आग विझवायचा सिलिंडर काढला, पिन ओढली, काहीच आलं नाही, दाबाचा काटा लाल पट्ट्यात, आणि रिफिलिंगवाला दोनच महिन्यांपूर्वी नवीन स्टिकर चिकटवून पैसे घेऊन गेला होता. त्याचा राग अजून गेला नाही.

मग १०१ लावला. बंब गल्लीच्या तोंडाशीच थांबला, पोरांनी होजला होज जोडत आतपर्यंत आणला. पाणी मारायच्या आधी दोनच प्रश्न, आत कोण आहे का आणि मेन स्विच कुठंय. एक जण पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडाला मास्क लावून त्या काळ्या धुरात शिरला, बाहेर ४२-४३ डिग्री होतं ओ. आग विझल्यावर पण गेले नाहीत, गठ्ठे एकेक उलगडून आत पाणी मारत बसले, कारण कापूस आतल्या आत धुमसतो आणि रात्री परत पेटतो. आमचं बाकीचं सामान त्यामुळं वाचलं.

आता मनापासून सांगतो, शहर लै पसरलंय. १९९२ च्या हद्दवाढीनंतर जुळे सोलापूरपासून पार होटगी रोडपर्यंत घरं झाली, २०११ लाच साडेनऊ लाख लोक होते. शहरात ५ ते ७ मिनिटांत गाडी पोचावी असा निकष आहे, तो पाळायचा तर केंद्रं जवळ जवळ पाहिजेत. आणि नुसत्या गाड्या आणून भागत नाही. एका गाडीवर ड्रायव्हर, प्रमुख आणि चार फायरमन धरले तर सहा जण, तीन पाळ्या म्हणजे १८, त्यात सुट्ट्या, आजारपण धरलं की वीसच्या वरच. म्हणजे नवीन गाडीची किंमत सांगताना या वीस जणांचा पगार पण सांगा.

गल्लीसाठी छोट्या गाड्या, प्रत्येक जवानाला मास्कचा सेट आणि सिलिंडर भरायचा कॉम्प्रेसर हे आधी घ्या, कारण खरं काम करताना एक सिलिंडर जेमतेम अर्धा तास पुरतो. १८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले, त्यात लहान मूल पण होतं. ते आठवलं की अजून झोप उडते.

आमच्यासारख्या कारखानदारांनी पण जानेवारी आणि जुलैचा बी फॉर्म, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू आहे याचा दाखला, नुसता कागद म्हणून भरू नका. मी आता दर सोमवारी स्वतः काटा बघतो आणि तूस झाडून घेतो.