राजधानीत टू एसी की फर्स्ट एसी? फ्लेक्सी भाड्याचा हिशेब

मुंबई-दिल्ली राजधानीचं तिकीट काढताना दोघं जण असले की हात आपोआप टू एसीकडे जातो. फर्स्ट एसी म्हणजे उधळपट्टी, हे डोक्यात पक्कं असतं. सप्टेंबर 2016 पर्यंत ते खरंही होतं. त्या महिन्यात राजधानी, दुरांतो आणि शताब्दीला फ्लेक्सी, म्हणजे बर्थ विकले जातील तसं चढणारं, भाडं लागलं, पण फर्स्ट एसी आणि एक्झिक्युटिव्ह वर्ग त्यातून वगळले गेले. तेव्हापासून टू एसीचा दर चढत जातो आणि फर्स्ट एसीचा आहे तिथेच राहतो.

नियम माहीत असतो, पण त्याचा अर्थ सहसा लक्षात येत नाही. दर दहा टक्के बर्थ विकले गेले की मूळ भाडं दहा टक्क्यांनी वाढतं. मार्च 2019 पासून वरची मर्यादा 1.4 पट आहे. म्हणजे चाळीस टक्के बर्थ गेले की मर्यादा गाठली, आणि उरलेले साठ टक्के प्रवासी तोच वरचा दर देणार. एलएचबी (नव्या बनावटीच्या) टू एसी डब्यात 52 बर्थ असतात. दोन डबे धरले तर मूळ दराने जेमतेम दहा बर्थ जातात. ते हवे असतील तर प्रवासाच्या साठ दिवस आधी सकाळी आठच्या ठोक्याला बसायची तयारी हवी (1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी साठ दिवस झाले), आणि आयआरसीटीसीचं खातं आधारशी आधीच पडताळलेलं हवं. गणपती-दिवाळीच्या आसपास तेवढं करूनही खात्री नाही.

आकड्यात बघू. सोयीसाठी टू एसीचं मूळ भाडं 2,500 धरा. वरच्या टप्प्यात ते 3,500 होतं. आरक्षण, सुपरफास्ट आणि जेवणाचे पैसे त्यासोबत चढत नाहीत, पण पाच टक्के जीएसटी वाढीव रकमेवरही बसतो. म्हणजे माणशी 1,050 जास्त, दोघांचे 2,100. फर्स्ट एसीचं मूळ भाडं टू एसीच्या साधारण दीडपट ते पावणेदोनपट असतं. त्यामुळे टू एसी 1.4 पटीला पोचलं की दोन वर्गांतला मूळ फरक निम्म्याहून खाली येतो. तिकीट काढण्याआधी दोन्ही वर्गांचं एकूण भाडं त्याच क्षणी शेजारी शेजारी बघावं. कालचा आकडा आज धरू नये.

इथवर मामला बरोबरीचा म्हणता येईल. माझ्यासाठी पारडं झुकवलं ते आरएसीने, म्हणजे एका बर्थवर दोघांना बसवणाऱ्या तिकिटाने.

आरएसी मिळते ती सगळे कन्फर्म बर्थ संपल्यावर, म्हणजे दर शिखरावर असताना. सगळ्यात महाग तिकीट घ्यायचं आणि बदल्यात साइड लोअरचा अर्धा भाग घ्यायचा. तिकिटाचे पैसे पूर्ण बर्थचेच कापले जातात. बर्थची मधली पाठ खाली पाडली तर एकालाच आडवं होता येतं. नाही पाडली तर दोघं समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून. पडदा एकच, चार्जिंगचा सॉकेट बहुधा एकाच्याच बाजूला. सुरतेनंतर तिकीट तपासनीस कुठला रिकामा बर्थ देतो का, याकडे डोळे लावून बसायचं. पुष्कळदा आरएसी चार्ट लागताना कन्फर्म होते, हे मान्य. पण झाली नाही तर रात्रभराच्या प्रवासाला 1.4 पट भाडं देऊन बसून जाणं मला तरी पटत नाही. फर्स्ट एसीत आरएसी हा प्रकारच नाही आणि साइड बर्थही नाहीत. मिळालं तर पूर्ण, नाही तर वेटिंग.

आता फर्स्ट एसीची खोड. कन्फर्म तिकिटावर बर्थचा नंबर येत नाही. केबिन (चार बर्थची खोली) की कूपे (दोन बर्थची) हे चार्ट लागताना ठरतं. बुकिंग करताना पसंतीत कूपे निवडता येतं, पण ती फक्त विनंती असते. दोघांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढलं तर शक्यता बरी. वेगवेगळे पीएनआर असले तर एक इकडे, एक तिकडे होऊ शकतं. चौघं असाल तर एकाच पीएनआरवर पूर्ण केबिन मिळण्याची आशा धरायला हरकत नाही. चार्ट हल्ली पूर्वीपेक्षा बराच आधी लागतो, त्यामुळे घरून निघण्याआधीच आपला नंबर कळतो. ही धास्ती तेवढी कमी झाली.

दुसरी अडचण संख्येची. एलएचबीचा पूर्ण फर्स्ट एसी डबा 24 बर्थचा. काही गाड्यांना अर्धा फर्स्ट आणि अर्धा टू एसी असा एचए1 डबा असतो, त्यात तर मोजकेच. म्हणून इथलं वेटिंग हलतं ते अगदी हळू. एक-दोनच्या पुढे गेलं की मी त्याच्या भरवशावर राहू नका म्हणेन. शिवाय फर्स्ट एसीला तत्काळ नाही. आयत्या वेळी जायचं ठरलं तर टू एसी आणि थ्री एसी एवढीच दारं उघडी.

घाई नसेल तर राजधानी सोडूनही विचार करावा. पंजाब मेलसारख्या गाडीला फ्लेक्सी लागत नाही, मूळ भाडंही राजधानीपेक्षा कमी, आणि नाशिक-भुसावळकडच्या लोकांना ती आपल्याच मार्गावरून मिळते. पण दिल्लीला एका रात्रीऐवजी रात्र आणि पुढचा जवळजवळ अख्खा दिवस जातो. ज्येष्ठांना हे सोसेलच असं नाही.

एकट्याने जाणाऱ्या पुरुषाला मात्र माझा सल्ला थोडा वेगळा. कूपे मिळण्याची शक्यता फारशी नाही, केबिनमध्ये तीन अनोळखी माणसं असणार आणि दार बंद. उघड्या पडद्याचा टू एसी काहींना त्यापेक्षा मोकळा वाटतो. पहिल्या दोन-तीन टप्प्यांतला दर आणि कन्फर्म लोअर मिळत असेल, तर एकट्यासाठी तोच घ्यावा. दोघांसाठी, दर 1.3 पटीच्या पुढे दिसला की मी फर्स्ट एसीचं पान उघडतो.