सामूहिक साधना, धम्मवर्ग की गल्लीतलं विहार?

मरकळला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलेली आमच्या ऑफिसातली एक मुलगी पहिले दोन आठवडे पहाटे उठून नेमाने बसत होती. तिसऱ्या आठवड्यात डबा खाताना हळूच म्हणाली, "ताई, एकटीनं होत नाहीये. कुणाबरोबर तरी बसायला हवं. सामूहिक साधनेला जाऊ, दापोडीच्या धम्मवर्गाला जाऊ, की तुमच्या विहारात येऊ?"

माझं बालपण विहारात गेलं. पुढे विपश्यना केली आणि काही वर्षं त्रिरत्न बौद्ध महासंघाच्या धम्मवर्गालाही नियमित जात होते. त्यामुळे तिला तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं ते इथे सलग लिहिते. उदाहरण पुण्याचं आहे, पण नागपूर-मुंबईकडेही चित्र फार वेगळं नाही.

कुठली पद्धत चांगली, यात मी शिरत नाही. श्वास तिन्हीकडे तोच. मी एवढंच विचारते, की एखाद्या आठवड्यात तुम्ही गेला नाहीत तर तिथे कुणाच्या लक्षात येईल का? आणि ते लक्षात यावं असं तुम्हाला वाटतं का? काहींना मनापासून वाटत नाही, आणि त्यात काही वावगं नाही.

सामूहिक साधनेपासून सुरुवात करू, कारण ती मुलगी तिथूनच आली होती. सत्यनारायण गोएंका मंडालेत जन्मले, सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले आणि १९६९ साली भारतात येऊन शिकवू लागले. इगतपुरीचं धम्मगिरी पुढे या परंपरेचं मुख्य केंद्र झालं. सामूहिक साधना म्हणजे त्याच परंपरेतल्या गावोगावच्या एक तासाच्या बैठका. त्यांना 'जुने साधक' लागतात, म्हणजे दहा दिवसांचं एक शिबिर पूर्ण केलेलं हवं. एक दिवसाच्या शिबिरांनाही हीच अट.

आमची बैठक एका साधकाच्या घरी भरायची. दाराबाहेर चपलांची रांग, आत सतरंज्या, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया. घड्याळाचा काटा जागेवर आला की गोएंकाजींचा तो टेपवरचा खर्जातला आवाज सुरू. मग तासभर अधिष्ठान: हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. चाळिसाव्या मिनिटाला माझा डावा गुडघा हमखास बोलायला लागायचा. शेवटी 'भवतु सब्ब मंगलं', तीनदा 'साधु', आणि पाच मिनिटांत जिना रिकामा. चहा नाही, गप्पा नाहीत. मी दीड वर्ष गेले, पण शेजारी बसणाऱ्या बाईंचं नाव मला आजही माहीत नाही.

हे वाचून कुणाला रुक्ष वाटेल. मला त्या काळात फार बरं वाटायचं. आपल्याकडे नव्या माणसाला नाव विचारलं की लगेच 'पूर्ण नाव?' येतं, आणि आडनावावरून समोरचा काय तो हिशोब मांडून मोकळा होतो. इथे तो प्रश्नच नाही. गोएंकाजींनी विपश्यनेला कुठल्या संप्रदायाचं नाव लावू दिलं नाही. त्यामुळे मारवाडी दुकानदार, निवृत्त फौजदार आणि आमच्यासारखे लोक एकाच सतरंजीवर बसतात. पैशाचंही तसंच. शिबिराला फी नाही. दान द्यायचं तर शिबिर पूर्ण झाल्यावर, तेही स्वेच्छेनं.

उणं काय, तर टेपवरचा आवाज तुमच्या प्रश्नाला उत्तर देत नाही. सहायक आचार्य भेटतात, पण बोलणं साधनेपुरतं. नवऱ्याची नोकरी गेली, आई अंथरुणाला खिळली, हे सांगायची ती जागा नव्हे. शिवाय सुरुवातीलाच दहा दिवसांचं शिबिर, म्हणजे जाण्यायेण्याचे धरून बारा दिवसांची रजा. ज्या बाईच्या घरी लहान मूल आहे तिला 'आधी शिबिर कर, मग ये' म्हणणं म्हणजे जवळजवळ नको म्हणण्यासारखंच. आणि हो, अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात, तिथे लपवाछपवी करू नका. रोज दहा तास डोळे मिटून गप्प बसणं प्रत्येकाला झेपतंच असं नाही.

त्रिरत्न बौद्ध महासंघाचा मामला उलटा आहे. तिथे माणसं आधी आणि शिबिर नंतर. हा संघ उर्ग्येन संघरक्षित या इंग्रज भिक्षूंनी १९६७ साली लंडनमध्ये सुरू केला. पण त्यांचं नातं त्याआधीच इथल्या मातीशी जुळलेलं होतं. बाबासाहेबांना ते भेटलेले होते, आणि ६ डिसेंबर १९५६ ला परिनिर्वाणाची बातमी आली तेव्हा ते नागपुरातच होते. दीक्षा घेऊन दोन महिनेही न झालेल्या, पोरक्या झालेल्या लोकांपुढे त्यांनी पुढच्या काही दिवसांत भाषणामागून भाषणं केली. इथलं संघाचं काम मात्र सत्तरच्या दशकाच्या अखेरीस उभं राहिलं. पुण्यात दापोडीचं महाविहार, मळवलीजवळ भाजे इथलं शिबिर केंद्र, नागपुरात नागलोक.

धम्मवर्गाला कुणीही, कधीही यावं. आनापानसती चार टप्प्यांत शिकवतात, सुरुवातीला श्वास मोजत. मैत्रीभावना, म्हणजे मनातून भलं चिंतणं, पाच टप्प्यांत: आधी स्वतः, मग मित्र, मग ज्याच्याशी आपलं देणंघेणं नाही असा माणूस, मग ज्याच्याशी आपलं पटत नाही तो, आणि शेवटी सगळे. चौथ्या टप्प्यावर मी सलग सहा महिने आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना बसवलं होतं. पाण्याच्या टँकरवरून आमचं वाजलेलं. त्यांच्यात काडीचा फरक पडला नाही, पण जिन्यात दिसले की माझ्या पोटात जो गोळा यायचा तो यायचा थांबला.

ध्यानानंतर चहा, चहानंतर अभ्यास, आणि सगळं मराठीतून. याला मी फार किंमत देते, कारण विपश्यनेतलं हिंदी कळत असलं तरी स्वतःची अडचण हिंदीत मांडताना माझी जीभ अडखळते. दोन वेळा गैरहजर राहिलात की तिसऱ्या वेळी फोन येतोच. भाज्याच्या शिबिरात बायका रात्री उशिरापर्यंत बोलत बसतात, आणि मौन पाळणारे त्यांच्यावर वैतागतात. (भाज्याला गेलात तर लेणी बघा. तिथल्या स्तूपसमूहात ज्या थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, नावं कोरलेली आहेत त्यांतलं एक 'धम्मगिरी' आहे. इगतपुरीशी संबंध नाही, पण मला गंमत वाटते.)

आता दुसरी बाजू. फोन येतो, त्याबरोबर अपेक्षाही येतात. या शिबिराला या, सतरंज्या घालायला या, धम्ममित्र व्हा, पुढे धम्मचारिणी म्हणून संघाची दीक्षा घ्यायचा विचार करा. कुणी जबरदस्ती करत नाही, पण जिना आहे आणि तुम्ही कुठल्या पायरीवर आहात हे सगळ्यांना दिसत असतं. ज्याला नुसतं पायरीवर बसायचंय त्याला कधीकधी अवघडल्यासारखं होतं. दुसरं म्हणजे, खुद्द संघरक्षितांच्या लैंगिक वर्तनाबद्दल ब्रिटनमध्ये गंभीर आक्षेप घेतले गेले आणि २०१६ च्या अखेरीस त्यांनी जाहीर माफी मागितली. जोडून घेण्याआधी हे माहीत असावं. तिथे याबद्दल थेट विचारावं, आणि विचारल्यावर समोरचा काय आणि कसं बोलतो ते बघावं. कुठल्याही संघाची परीक्षा अशा प्रश्नातच होते.

राहिलं विहार. इथे मी तटस्थ नाही, तेव्हा थोडं वजा करून वाचा.

ध्यान हवं असेल तर विहारात फारसं मिळणार नाही. रविवारी सकाळी त्रिशरण, पंचशील, बुद्धवंदना, आणि वेळ उरला तर पाच मिनिटं डोळे मिटून शांतता. त्यातही कुणाचा तरी मोबाइल वाजतो. माझ्या वडिलांच्या पिढीला डोळे मिटून बसणं म्हणजे लढ्यातून अंग काढणं वाटायचं. 'मिटलेल्या डोळ्यांना अन्याय दिसत नाही,' असं ते मला विपश्यनेला जाताना म्हणाले होते. तो वाद आजही मिटलेला नाही, आणि विहारात बसलात तर तुमच्या कानावर येणारच.

मात्र आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या तीन महिन्यांत, विहाराला वेगळाच रंग चढतो. रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन होतं. पांढऱ्या साड्या नेसलेल्या आज्या, मेणबत्तीचा आणि उदबत्तीचा मिसळलेला वास, अडखळत वाचणारी नववीतली मुलगी, आणि तिचा 'प्रतीत्यसमुत्पाद' हा शब्द बिनचूक आला की मागून पुटपुटलेलं 'शाब्बास'. सगळा कारभार बायका ओढतात आणि माइक बहुतेक वेळा पुरुषांच्या हातात असतो, हे माझं जुनं दुखणं. वर्गणीवरून भांडणं होतात. निवडणुका आल्या की दोन गट पडतात. पण घरात कुणी गेलं तर तासाभरात पन्नास माणसं दारात उभी असतात, आणि त्यांना बोलवावं लागत नाही.

मग त्या मुलीला काय सांगितलं? तिचं शिबिर झालेलं आहे, तेव्हा आठवड्याची सामूहिक साधना सोडू नको, बसण्याची सवय तिथेच टिकेल. तीन महिन्यांनीही एकटं वाटलं तर दापोडीचा धम्मवर्ग बघ. तिथलं ध्यान करायचं की नाही ते नंतर ठरव, दोन पद्धतींची खिचडी करू नको. विपश्यनावाले यावर फार कडक आहेत, आणि माझ्या अनुभवानं ते बरोबर आहेत. विहाराचं मी काहीच सुचवलं नव्हतं. तिचं आडनाव ऐकून तिथे भुवया उंचावतील आणि ती संकोचेल, असं मला वाटलं.

तीच एका रविवारी खीर खायला म्हणून माझ्याबरोबर आली. पहिल्या रांगेतल्या आजींनी अपेक्षेप्रमाणे विचारलंच, "कुणाची गं तू?" तिनं आडनावासकट सांगितलं. आजी क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या आणि मग सरकून तिला सतरंजीवर जागा करून दिली. वंदना तिला येत नव्हती. ती नुसते ओठ हलवत बसली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. मी मेणबत्त्या लावत होते, तर मागून आजींचा आवाज आला, "ती तुझ्या ऑफिसातली पोरगी कुठंय? बरी आहे ना?"