थायरॉइडच्या गोळीची कंपनी बदलली : अकरा महिन्यांचा अनुभव

बारा वर्षं मला हायपोथायरॉइड आहे, म्हणजे थायरॉइड ग्रंथी कमी काम करते. लिव्होथायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम, रोज पहाटे अनशापोटी. गेल्या जूनमध्ये खर्च कमी व्हावा म्हणून डॉक्टरांना विचारून ब्रँड सोडला आणि जेनेरिक (तेच औषध, पण ब्रँडच्या नावाशिवाय) सुरू केली. सहा आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी; आकडा वाढला की औषध कमी पडतंय) २.८, म्हणजे ठीक आला. सात महिने कसलाच त्रास नाही. पुढचं वाचून ‘जेनेरिक वाईट’ असा अर्थ कृपया काढू नका.

जानेवारीत ती कंपनी मिळेना. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “काकू, औषध तेच, फक्त कंपनी वेगळी.” घेतली. दीड महिन्यात पर्वती चढताना मधेच बसावं लागायला लागलं. त्या १०३ पायऱ्या मी कित्येक वर्षं न थांबता चढत आले आहे! कंगव्यात केसांचा पुंजका, सकाळी डोळे सुजलेले, पोट साफ नाही. फेब्रुवारी सरत आला, घरात पंखे सुरू झाले आणि मी स्वेटरमध्ये. वय झालं म्हणून सोडून दिलं. मुलीने जुनी आणि नवी बाटली शेजारी ठेवली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. टीएसएच ९.१.

डॉक्टरांनी आधी माझ्याच सवयी तपासल्या. गोळीनंतर चहा किती वेळाने? कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांच्या आत घेता का? बाटली गॅसजवळ ठेवता का? यातलं काही नव्हतं. मग त्यांनी समजावलं की दोन्ही गोळ्या नियमात बसत असल्या तरी शरीरात शोषण थोडं कमीजास्त होऊ शकतं. बऱ्याच औषधांत ते खपून जातं, या औषधात तेवढंही जाणवू शकतं. डोस वाढवला नाही, जुनीच कंपनी शोधायला सांगितली. मला दीड गोळी घ्यावीशी वाटत होती, त्यांनी ठाम नकार दिला; जास्त झाली तर छातीत धडधड व्हायची. या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, म्हणून पुन्हा सहा आठवडे थांबायचं. ते दिवस फार जड गेले. एप्रिलमध्ये टीएसएच ३.२.

आता बाटली उघडली की कॅलेंडरवर तारीख आणि उत्पादकाचं नाव लिहिते. महिनाभराच्या गोळ्या उरल्या की पुढची बाटली सांगून ठेवते, आणि मेडिकलवाल्यांना बजावलंय, कंपनी बदलायची वेळ आली तर आधी फोन करा. बदलावीच लागली, तर सहा आठवड्यांनी रक्त तपासायचं हे डॉक्टरांशी ठरलंय.

पर्वती पुन्हा एका दमात होते. केस मात्र अजून पूर्वीसारखे आलेले नाहीत.