घोडबंदर रोडचा ‘बॅरिॲट्रिक डबा’: कॅलरी जुळतात, प्रथिनांचं काय?

वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतरचं खाणं घरपोच देणारी ही डबा सेवा ठाण्यातल्या मानपाडा ते कासारवडवली पट्ट्यात चालते. वर्तकनगर आणि ऐरोलीलाही डबे जातात. स्वयंपाकघर घरगुती आहे, त्यामुळे नाव लिहीत नाही. शिवाय खालचे बहुतेक मुद्दे अशा कुठल्याही डब्याला लागू पडतील. प्लॅन तीन आहेत: पातळ, मऊ आणि नेहमीचा. दर साध्या घरगुती डब्याच्या दुपटीच्या आसपास. नेहमीच्या प्लॅनच्या झाकणावर चिठ्ठी असते, ‘८०० कॅलरी, ६० ग्रॅम प्रथिने’. ही चिठ्ठी कितपत खरी, हे पाहायला शाकाहारी आणि मांसाहारी डब्यातला एकेक पदार्थ डिजिटल काट्यावर तोलला आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांवरून हिशोब मांडला. तेल काट्यावर वेगळं दिसत नाही. त्याचं माप स्वयंपाकघराने विचारल्यावर सरळ सांगितलं, ही त्यांची जमेची बाजू.

आधी आकड्यांची पार्श्वभूमी. ऑपरेशननंतर पहिले दोन आठवडे पातळ आहारावर ३०० ते ६०० कॅलरी पोटात गेल्या तरी पुष्कळ झाल्या. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आकडा ६०० ते ८०० वर येतो, सहा महिन्यांनी ८०० ते १०००, आणि वर्षभराने बहुतेकांचं १००० ते १२०० वर बस्तान बसतं. उंची, कष्ट आणि ऑपरेशनचा प्रकार यांप्रमाणे पुढे थोडा फरक पडतो. सुरुवातीच्या महिन्यांत कॅलरी कमी ठेवण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून जास्त काढून निमुळती नळी ठेवलेली असते. बायपासमध्ये जठराची वरची छोटी पिशवी थेट लहान आतड्याला जोडतात, ती ३० मिलीच्या आसपास उरते. जास्त खाल्लंच जात नाही. प्रथिनं मात्र मुद्दाम मोजून खावी लागतात. रोज किमान ६० ग्रॅम. ती कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झडतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळतात आणि जिना चढताना पाय भरून येतात. त्यामुळे झाकणावरच्या दोन आकड्यांपैकी दुसराच आधी तपासायचा.

शाकाहारी डब्यात सकाळी मूगडाळीचं एक लहान धिरडं आणि ३० ग्रॅम चक्क्याची चटणी: १० ग्रॅम प्रथिनं, १८५ कॅलरी. मधल्या वेळेला १५० मिली ताक: २ ग्रॅम, ३० कॅलरी. दुपारी ६० ग्रॅम पनीरची भुर्जी, ४० ग्रॅम दुधीची भाजी, अर्धा फुलका: १२ ग्रॅम, ३१० कॅलरी. चारला २० ग्रॅम फुटाणे: ४ ग्रॅम, ७५ कॅलरी. रात्री १०० ग्रॅम मऊ मुगाची खिचडी वर तूप घालून, सोबत ६० मिली कढी: साडेचार ग्रॅम, १५५ कॅलरी.

बेरीज ७५५ कॅलरी आणि जेमतेम ३३ ग्रॅम प्रथिनं. कॅलरी चिठ्ठीच्या जवळ आहेत, प्रथिनं निम्मी.

घोळ कुठे होतो ते दोन ठिकाणी स्पष्ट दिसतं. पहिलं तेल. धिरड्याला एक चमचा, भुर्जीला दोन, दुधीला अर्धा आणि खिचडीवर चमचाभर तूप असे साडेचार चमचे, म्हणजे सुमारे २०० कॅलरी. दिवसाच्या कॅलरींचा चौथा हिस्सा फोडणीतच गेला. दुसरं, खिचडी आणि कढी. आपल्याकडे आजारी माणसाचं जेवण म्हटलं की हीच जोडी डोळ्यांसमोर येते. ती मऊ आहे, घशाखाली सुखाने उतरते, पण १०० ग्रॅम शिजलेल्या खिचडीत डाळ जेमतेम १० ग्रॅम असते आणि बाकीचं तांदूळ नि पाणी. रात्रीचं जेवण असं गेलं तर दिवसाची तूट भरून निघायला जागाच उरत नाही.

मांसाहारी डबा बराच पुढे आहे. सकाळी एक अख्खं अंडं आणि दोन पांढऱ्यांचं ऑम्लेट, दुपारी ६० ग्रॅम शिजलेला चिकन खिमा, चारला ६० ग्रॅम चक्का, रात्री ६० ग्रॅम सुरमई पातळ रश्शात आणि थोडं वरण. ताक धरून प्रथिनं ५० च्या घरात जातात. खिम्याची निवड योग्य, कारण चिकनचे कोरडे तुकडे छातीमागे अडकतात आणि मग तोंडाला लाळ सुटून उलटी होते. काही दिवशी सुरमईऐवजी ओले बोंबील येतात. मऊपणात त्यांना तोड नाही, पण त्यांच्यात पाणीच जास्त. तेवढ्याच वजनाला सुरमई-पापलेटच्या मानाने प्रथिनं बरीच कमी मिळतात. बोंबलाच्या दिवशी संध्याकाळी एक अंडं जास्त धरावं.

शाकाहारी डबा आहे तसा घेऊन ६० ग्रॅमपर्यंत न्यायचा असेल तर एक सोपी अदलाबदल आहे. भुर्जीतलं तेल दोनवरून अर्ध्या चमच्यावर आणायला सांगा. सांगितलं तर करतात. खिचडीवरचं तूप वेगळ्या डबीत मागवा आणि तसंच ठेवा. यात ११० कॅलरी वाचतात, आणि तेवढ्याच कॅलरींत व्हे आयसोलेटचा (दुधाच्या निवळीपासून केलेल्या प्रथिन पावडरचा) एक ३० ग्रॅमचा स्कूप बसतो, म्हणजे आणखी २५ ग्रॅम प्रथिनं. बिनचवीचा घ्या. अर्धा स्कूप सकाळच्या ताकात, अर्धा संध्याकाळी. गरम कढीत किंवा उकळत्या दुधात टाकला तर गुठळ्या होतात. पातेलं उतरवून, कोमट झाल्यावर घुसळायचा. पावडर नको असेल तर रात्रीच्या खिचडीऐवजी सोयाचुरा घातलेलं घट्ट वरण मागता येतं. २० ग्रॅम कोरड्या सोयाचुऱ्यात १० ग्रॅम प्रथिनं आणि ७० कॅलरी. तो भिजवून दोनदा पिळून मगच शिजवायचा, नाहीतर वास राहतो आणि पोटात गुबारा धरतो.

वाट्यांच्या मापात या सेवेने खरंच विचार केला आहे. ६० आणि १०० मिलीच्या वाट्या, दुपारचं सगळं जेवण १५० ग्रॅमच्या आत, टोमॅटोच्या साली-बिया काढलेल्या, सूप जेवणाच्या डब्यात न घालता वेगळ्या वेळेला. जेवणाबरोबर पातळ पदार्थ घेतला की घास लवकर खाली सरकतो, पोट भरल्याचं कळत नाही आणि प्रथिनांची जागा पाणी खातं. जेवण संपल्यावर अर्धा तास पाणी नाही, हा नियम त्यांनी डब्यावर छापलाय. दिवसाचं दीड लिटर पाणी दोन जेवणांच्या मध्ये, घोटघोट. खाण्याचा क्रम मात्र छापायचा राहिला: आधी भुर्जी किंवा खिमा, मग भाजी, फुलका सगळ्यात शेवटी. फुलका उरला तर उरू द्या.

चारचे फुटाणे तिसऱ्या महिन्यात सरसकट देणं पटत नाही. नीट चावले नाहीत तर कोरडा चुरा अडकतो, आणि ऑफिसात घाईघाईत कोण वीस-पंचवीस वेळा चावतंय! तेवढ्याच कॅलरींचा चक्का चालेल.

नावनोंदणीच्या वेळी ऑपरेशनची तारीख विचारतात, प्रकार विचारत नाहीत. ही मोठी उणीव. मिनी बायपास या बायपासच्याच एका प्रकारानंतर तेलकट खाल्लं तर चिकट, दुर्गंधी जुलाब होतात. स्लीव्हवाल्याला तोच डबा निमूट पचतो. आणि बायपासवाल्याला गोडाचा त्रास जास्त. संकष्टीला डब्यात एक उकडीचा मोदक येतो, प्रेमानेच येतो. पण सारणातला गूळ लहान आतड्यात एकदम उतरला की अर्ध्या तासात धडधड, घाम, पोटात मुरडा सुरू होतो. कुणाला एक ते तीन तासांनी साखर खाली जाऊन हातपाय गळाल्यासारखं होतं. मोदक घरच्यांना द्या. एकादशीची साबुदाण्याची खिचडीही तशीच: साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर चिकट गोळा. उपवास करायचाच असेल तर दही आणि राजगिऱ्याच्या लाह्या, किंवा पनीर, असं आदल्या दिवशी कळवावं.

पातळ प्लॅनबद्दल थोडक्यात: मूगडाळीचं गाळलेलं कढण, ताक आणि सायीविना दूध ठीक, भाताची पेज आणि चिकनचं नितळ पाणी नावापुरतं. त्यात प्रथिनं फारशी नसतात. १५ मिनिटांना ३० मिली या वेगाने घ्यायचं असल्याने जे पोटात जाईल ते कामाचं असावं. शिवाय पातळवरून मऊवर आणि मऊवरून नेहमीच्या डब्यावर ते तारखेनुसार आपोआप नेतात. तसं होऊ देऊ नका. मऊ खाणं आठवडाभर विनातक्रार उतरलं की आहारतज्ज्ञाला विचारून आपण सांगायचं. वारंवार उलट्या होत असतील तर डबा बदलत बसू नये, त्याच दिवशी सर्जनकडे जावं. उलट्या लांबल्या की बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने उतरतं आणि त्याचा फटका मेंदूला बसतो.

डिलिव्हरी दोन फेऱ्यांत, सकाळी आणि दुपारी. रात्रीचं जेवण दुपारच्याच फेरीत येतं, ते आल्याआल्या फ्रिजमध्ये गेलं पाहिजे; या दिवसांत पोट बिघडणं परवडत नाही. घोडबंदरला मेट्रोच्या कामाने रस्ता अडला की डबा गार होऊन पोचतो, आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं तर ऐरोलीचा डबा किती वाजता येईल सांगता येत नाही. गार अंडं, पनीर, खिमा मायक्रोवेव्हमध्ये तसंच फिरवलं की रबरासारखं होतं, आणि तेच अडकतं. वर दोन चमचे पाणी शिंपडून, झाकण ठेवून, मध्यम आचेच्या सेटिंगवर अर्धा-अर्धा मिनिट तापवा.

रविवारी सेवा बंद असते. त्या दिवसासाठी घरात उकडलेली अंडी, २०० ग्रॅम पनीर आणि रात्री फडक्यात टांगलेला चक्का असला तर बाहेरून मागवायची वेळ येत नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत दोन तासांचं अंतर ठेवायचं असतं. डबा येण्याच्या वेळांना त्या बांधून घेतल्या असतील तर रविवारी हमखास चुकतात, म्हणून मोबाइलवर वेगळे गजर लावावेत.

थेट महिन्याचे पैसे भरू नका. दोन दिवसांचा ट्रायल मिळतो. शाकाहारी असाल तर एक दिवस खिचडीचा आणि एक दिवस घट्ट वरणाचा मागवा, पनीर आणि सोया घरच्या काट्यावर तोला, आणि तेल किती घातलं ते फोनवर विचारा. कमी तेल आणि खिचडीऐवजी वरण हे दोन बदल ते लिहून घ्यायला तयार असतील तर तिसरा महिना उलटलेल्या, नोकरीवर रुजू झालेल्या माणसाला डबा घ्यायला हरकत नाही. पहिल्या दोन महिन्यांत घरी स्वयंपाकाला कुणी असेल तर पैसे वाचवून त्यात व्हे आयसोलेटचा डबा आणि एक ग्रॅमपर्यंत तोलणारा काटा घ्यावा.