राहायला म्युनिक की पुणे?

जर्मनीतल्या म्युनिकमध्ये झेब्रा क्रॉसिंगवर पाऊल ठेवलं की गाड्या थांबतात. पुण्यात कर्वे रस्ता ओलांडायचा तर जीव मुठीत धरून. फुटपाथवर दुचाकी, पावसाळ्यात खड्डे, आणि तिकडे नळाचं पाणी थेट पितात तर इथे घरोघरी फिल्टर. या बाबतीत म्युनिक फार पुढे आहे, आणि आपल्याला याचा राग यायलाच हवा.

पण बाकीचा दिवस बघा. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं कायद्यानेच बंद. त्वचारोगतज्ज्ञाची वेळ मिळायला कित्येकदा आठवडे जातात. पुण्यात संध्याकाळी गल्लीतल्या दवाखान्यात नंबर लावला की त्याच दिवशी तपासून होतं. २०१६ साली यूपीआय आलं आणि आता कोथिंबिरीच्या जुडीचे पैसेसुद्धा मोबाइलवरून देता येतात. जर्मनीत आजही काही ठिकाणी रोख रक्कमच लागते.

रात्री दहानंतरची तिथली शांतता मला मनापासून आवडते. लाउडस्पीकरबद्दल रात्री दहा ते सकाळी सहाचा नियम आपल्याकडेही २००० सालापासून आहे, फक्त गणपती-लग्नसराईत तो कुणाला आठवत नाही. मात्र ताप आला की शेजारच्या काकू न विचारता मऊ भात आणून देतात, औषध घेतलंस का म्हणून दोनदा डोकावतात. परक्या शहरात ही माया सहज मिळत नाही.

शिकायला, उमेदीची काही वर्षं घालवायला म्युनिक उत्तम. आईवडील थकलेले असतील, मुलं लहान असतील तर मी पुणेच निवडेन. आणि खड्ड्याची तक्रार दर पावसाळ्यात नोंदवत राहीन.